टॅबचं माप

डॉक्टरांनी हिच्या डोळ्याचं दुखणं समजावून सांगितलं तेव्हा मला ते चटकन कळलं, कारण ते सगळं शिवणकामातलंच निघालं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, कोटाच्या अस्तरासारखा. हिच्या उजव्या डोळ्यातलं अस्तर सुटलं होतं. ऑपरेशन करून त्यांनी ते जागेवर बसवलं आणि आत वायूचा एक बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो. म्हणून हिनं तोंड जमिनीकडे करून राहायचं, म्हणजे बुडबुडा मागच्या पडद्याला दाबून धरील आणि पडदा चिकटेल. कॉलरच्या आतलं कडक कापड, बकरम, चिकटेपर्यंत आपण इस्त्री दाबून धरतो ना, तसंच.

मी हे बोलून दाखवल्यावर डॉक्टरांनी मलाच विचारलं, "आणि इस्त्री मधेच उचलली तर?"

"फुगा येतो."

"डोळ्यात फुगा आला तर परत ऑपरेशन. आणि दुसऱ्या खेपेला मी खात्री देणार नाही. आठ दिवस, तासातली पन्नास मिनिटं तोंड खाली. उरलेल्या दहा मिनिटांत काय ते जेवण, अंघोळ. झोपायचंही पालथंच."

ही शेजारी बसून ऐकत होती. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हिनं कुणापुढे मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. माझ्या आईपुढे नाही, घरमालकापुढे तर नाहीच. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तीस वर्षं न दिसणाऱ्या माणसांशी बोलून हिचा जीव इतका विटला होता, की निवृत्त झाल्यावर ती समोरच्याचं तोंड बघितल्याशिवाय एक शब्द बोलत नसे. मी स्वयंपाकघरातून ओ दिली तरी चालायचं नाही. "इकडे येऊन बोला," म्हणायची.

अशा बाईला आठ दिवस पालथं झोपवायचं होतं.

मी माझ्या परीनं तयारी केली. मधे भोक असलेली गोल उशी शिवली, कापूस दाबून भरला, वर मऊ सुती कापड लावलं. पलंगाच्या कडेला ती उशी ठेवली की हिचं कपाळ आणि हनुवटी तिच्यावर टेकायची आणि तोंड भोकातून खाली जमिनीकडे. हिनं झोपून पाहिलं.

"कसं वाटतंय?"

"फरशी दिसतेय. तिसरी फरशी पुसायची राहिलीय," ही म्हणाली आणि कोणती फरशी ते दाखवायला मान वर केली.

पहिल्या पन्नास मिनिटांत हिनं अकरा वेळा मान वर केली. मी मोजली. दर वेळी मी ओरडायचो, "अगं, डोळा!" आणि माझं ओरडणं ऐकून माझ्याकडे बघायला ती पुन्हा मान वर करायची. दुपारपर्यंत माझी खात्री पटली, की हिचा डोळा हिच्या बोलण्यापायी जाणार.

माझी भाची दुसऱ्या गावी एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करते. तिनं फोन केला तेव्हा मी सगळं सांगितलं.

"मामीला खाली बघायला काहीतरी द्या," ती म्हणाली. "त्या टॅबवर सिनेमा लावून जमिनीवर ठेवा. डावा डोळा चांगला आहे ना?"

टॅब आमच्याकडे होता, तिनंच दिलेला. सिनेमेही होते. हिनं जमवलेल्या अकरा सीडी कपाटात होत्या. पण सीडी टॅबमध्ये घालायची कुठून? मी टॅब चारी बाजूंनी फिरवून पाहिला. एका कडेला वायर खोचायचं भोक होतं, तेवढंच.

"मामा, सीडी टॅबमध्ये जात नाही हो. माझा जुना लॅपटॉप आहे तुमच्याकडे, त्यात घाला. एक सॉफ्टवेअर आहे, ते सिनेमाचं रूपांतर करून देतं. मग वायरनं टॅबमध्ये टाकायचा. फुकट आहे."

"फुकट का?"

"लोकांनी मिळून बनवलंय, सगळ्यांनी वापरावं म्हणून."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"मामा, मी शिफ्टवर आहे. नाव लिहून घ्या."

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, पण दात मोजायचे तर आधी गाय सापडायला हवी. ते नाव टाकून लॅपटॉपवर जे पान उघडलं, त्यावर 'डाउनलोड' लिहिलेली तीन बटणं होती. एक हिरवं, हाताच्या पंजाएवढं. एक लाल, सारखं उघडझाप करणारं. तिसरं खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात. मी हिरवं दाबलं तर लॅपटॉप साफ करून देणारं भलतंच काहीतरी उतरलं. लाल दाबलं तर मला बक्षीस लागल्याचं कळलं. आमच्या धंद्यात ज्या दुकानाची पाटी सगळ्यात मोठी त्याची शिलाई सगळ्यात कच्ची, हे आठवून मी तिसरं दाबलं, आणि ते खरं निघालं.

एरवी घरात असलं वाचन ही करते. मी अक्षरं चाळिशीनंतर शिकलो, तीही हिच्याकडून. सावकाश वाचलं तर सगळं वाचतो, पण लॅपटॉपला दम नसतो. त्यातून त्या सॉफ्टवेअरची भाषा अर्धी आपली होती आणि अर्धी परकी, आपल्या अक्षरात लिहिलेली. 'स्रोत निवडा' इथपर्यंत ठीक. त्याच्याखाली 'एन्कोडर', 'फ्रेमरेट', 'कंटेनर'. कंटेनर म्हणजे डबा हे मला माहीत होतं, पण सिनेमाला डबा कशाला?

"काय लिहिलंय, मोठ्यानं वाचा," आतून ही म्हणाली.

"तू मान खाली ठेव."

"खालीच आहे. वाचा ना."

"कंटेनर."

"म्हणजे?"

मी दारातून डोकावून पाहिलं. मान वर होती.

मी पुन्हा भाचीला फोन लावला. तिच्यामागे यंत्रांचा खडखडाट चालला होता. ती ओरडून बोलत होती आणि मीही ओरडत होतो.

"मामा, बाकी कशाला हात लावू नका! फक्त साइज टाका! टॅबची साइज! तिथे दोन चौकोन असतील, रुंदी आणि उंची! ते भरा आणि 'सुरू करा' दाबा!"

हे मला समजलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं. मी गळ्यातली टेप काढली, टॅबची काच मोजली. रुंदी साडेएकवीस, उंची साडेतेरा सेंटिमीटर. अर्धा त्या चौकोनात बसेना, म्हणून बावीस आणि चौदा धरले. मग चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर माया सोडली, म्हणजे चोवीस आणि सोळा. शिवणीत माया न सोडता कापड कापणारा शिंपी मी आजवर बघितला नाही. मी आकडे टाकले, तर चोवीसचे आपोआप बत्तीस झाले आणि सोळाचे वीस. मला वाटलं, यंत्र माझ्यापेक्षा जास्त माया सोडतंय. फुकटचं असूनही दानत मोठी आहे. मी 'सुरू करा' दाबलं.

लॅपटॉपवर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. ती पूर्ण भरेपर्यंत हिनं आणखी सात वेळा मान वर केली.

सिनेमा हिच्या आवडीचा होता, दोन बहिणी आणि नदीवर पूल बांधायला आलेला इंजिनिअर. मी तो वायरनं टॅबमध्ये टाकला, पलंगाखाली लहान स्टूल सरकवलं, त्यावर टॅब ठेवला आणि चालू केला. पाण्याचा आवाज आला. हिचं आवडतं संगीत सुरू झालं. मला वाटलं, जिंकलो.

हिनं काचेवरून बोट फिरवलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "अहो."

"काय?"

"दुसरा डोळाही गेला."

"असं काय बोलतेस?"

"काहीच दिसत नाही हो. नुसते डाग. निळे, मातकट. हलताहेत." आणि ही रडायला लागली, मान खाली ठेवूनच. अश्रू सरळ टॅबवर पडत होते. ज्या बाईनं सकाळपासून सारखी मान वर केली, ती आता मान उचलायला घाबरत होती.

मी गुडघ्यावर बसलो, पलंगाखाली डोकं घातलं आणि टॅब पाहिला. मलाही डागच दिसले. मोठमोठे धुरकट चौकोन, ठिगळं लावल्यासारखे, एकमेकांत मिसळणारे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच. क्षणभर मला वाटलं, हे दुखणं संसर्गाचं असावं आणि आता माझेही डोळे चालले. मी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहिलं. गच्चीवरच्या दोरीला लावलेले चिमटेसुद्धा मला मोजता येत होते. पुन्हा टॅब. ठिगळं.

"अगं, मलाही तसंच दिसतंय!"

"खोटं बोलताय. माझी समजूत काढायला."

"शप्पथ. तू खालची फरशी बघ. ती तिसरी. दिसतेय?"

"दिसतेय. अजून पुसली नाहीत तुम्ही."

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे बाहीनं ती फरशी पुसून काढली. डोळा शाबूत होता, बिघडला होता तो सिनेमा. का बिघडला ते मात्र मला कळेना. माप तर बरोबर होतं.

मी टॅब उचलायला हात घातला तशी ही म्हणाली, "थांबा. हे मातकट आहे ना, हा तो इंजिनिअर. पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा कोट मातकट असतो."

"तुला कसं कळलं?"

"बोलतोय ना. आणि ही निळी थोरली. नाही, थांबा, धाकटी असेल. थोरली खोकते. खोकू दे, मग सांगते."

मी घड्याळाकडे पाहिलं. पन्नास मिनिटं उलटून वर पाच मिनिटं झाली होती. हिनं एकदाही मान वर केली नव्हती.

पुढले दोन दिवस तसेच गेले. हिचं नाक टॅबच्या दिशेनं रोज थोडं आणखी खाली जायचं. मी शेजारी फरशीवर बसायचो आणि ही मला वरून आकाशवाणीसारखं सांगत राहायची. "आता हिरवा डाग आला, म्हणजे बाग. बागेत तो तिला चिठ्ठी देतो. चिठ्ठी कुठाय? ते पांढरं? अहो, ते पांढरं म्हणजे चिठ्ठी की बदक?"

"तिथे बदक आहे?"

"तळ्यात आहे. चाळीस वेळा पाहिलाय मी हा सिनेमा, पण आता काही आठवत नाही बघा. परत मागे घ्या."

मी मागे घ्यायचो. बदक की चिठ्ठी यावर आमचं जोरात भांडण झालं, आणि तेही तिनं खाली मान घालून केलं. असं भांडण आमच्यात पहिल्यांदाच झालं असेल.

चौथ्या दिवशी भाचीला सुट्टी होती. तिनं फोनवर माझ्याकडून एकेक गोष्ट वदवून घेतली. साइजपाशी आल्यावर मी बत्तीस आणि वीस सांगितलं.

"मामा, बत्तीस काय?"

"सेंटिमीटर. मायेसकट."

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "ते ठिपके असतात हो! चित्रात आडवे किती ठिपके ते! सातशे वीस टाका, उंची पाचशे शहात्तर."

"ठिपके म्हणजे टाके?"

"टाकेच समजा."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या कोटाला मी बत्तीस टाके घातले होते. कोट उसवणार नाही तर काय होणार! मग हिला न सांगता मी नवे आकडे टाकले, पट्टी भरेपर्यंत बसून राहिलो आणि दुपारी तोच सिनेमा नव्यानं लावला.

"अगं बाई!" ही म्हणाली. "केवढं स्वच्छ! बदकच आहे हो! दोन आहेत!" आणि मला ती बदकं दाखवायच्या आनंदात मान वर करून माझ्या तोंडाकडे बघून हसली.

"अगं, डोळा!"

"हो हो." मान खाली. दोन मिनिटांनी, "धाकटीचा कोट किती छान शिवलाय, तुम्ही बघा ना." मान वर. मग, "आता काय होतं ते मला माहीतच आहे." मान वर. मग टॅबकडे न बघताच, "शेजारणीनं डबा परत दिला का?" मान वर. त्या पन्नास मिनिटांत नऊ वेळा.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. काय करावं ते सुचेना. बरोबर शिवलेलं कापड अंगावर घालून माणूस उठून निघून जातो, आणि चुकलेलं असेल तर आरशापुढून हलत नाही, हे मी आयुष्यभर दुकानात पाहिलंय. पण इथे अंगावर कोट नव्हता, डोळा होता. ज्या बाईला आधीच दिसत नाही, तिच्यापुढे न दिसणारा सिनेमा मुद्दाम ठेवायचा? त्या पहिल्या दिवशीचे तिचे अश्रू मी विसरलो नव्हतो. आणि ज्या बाईचा डोळा मान वर केल्यानं जाणार, तिला मान वर करावीशी वाटेल असा सिनेमा दाखवायचा? दोन्ही पारड्यांत डोळाच होता. मी पाण्याचा एक पेला भरला, प्यायला विसरलो, आणि बाहेर आलो.

दहा मिनिटांच्या सुट्टीत ही बाथरूममध्ये गेली तेव्हा मी टॅबमध्ये जुना, ठिगळांचा सिनेमा लावला.

परत येऊन ही पालथी झाली. थोडा वेळ गेला.

"अहो, परत बिघडला."

"बिघडला वाटतं," मी म्हणालो. एक्केचाळीस वर्षांत मी हिच्याशी तोंडावर खोटं बोललो नव्हतो. हे तोंडावर नव्हतं म्हणा, तिचं तोंड खाली होतं.

"नीट करा."

"भाचीला विचारतो. तिची सुट्टी संपली."

मला वाटलं, आता उठून बसणार. पण थोड्या वेळानं खालून आवाज आला. "हा पिवळा कोण? पुलावर पिवळा कुणीच नव्हता."

पुढचे दिवस मी त्याच लबाडीत काढले. दुसरी सीडी, तिसरी सीडी, सगळ्यांचे बत्तीस बाय वीस. फोनवर भाची विचारायची, "मामा, झाला ना नीट?" आणि मी म्हणायचो, "झाला, झाला." खोटं एकदा कापलं की ते जोडायला आणखी कापावं लागतं. माझं जेवणावरचं मन उडालं. मी बरोबर करतोय की चूक, हे विचारायला घरात एकच शहाणं माणूस होतं, आणि नेमकं त्यालाच विचारता येत नव्हतं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी हिच्या डोळ्यात बराच वेळ उजेड मारून पाहिलं. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. त्यांनी दिवा बंद केला.

"चिकटलाय," ते म्हणाले. "फार छान चिकटलाय. खालच्या कडेला किंचित कच्चं वाटतंय, म्हणून आणखी चार दिवस मान खालीच ठेवा. पण बाई, मला आश्चर्य वाटतं. पहिल्या दिवशी तुम्हाला बघून मी नर्सला म्हणालो होतो, ह्या काही मान खाली घालून राहणार नाहीत."

"सिनेमे बघत होते," ही म्हणाली.

"वा. कोणते?"

"कोण जाणे. एकही दिसला नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहिलं.

परतताना टॅक्सीत हिनं डोकं गुडघ्यांवर टेकवलं होतं. मी हिच्या पाठीवर हात ठेवला होता. चिकटल्याचा आनंद होता, पण तो मोकळा नव्हता. आणखी चार दिवस उरले होते आणि हात अजून लबाडाचाच होता.

"अहो," ही गुडघ्यांना सांगितल्यासारखं म्हणाली, "आता कुठला लावणार? चांगला की बिघडलेला?"

ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी बाथरूममधून येताना दिसलं मला. तुम्ही टॅब घेऊन वाकला होतात. चोरासारखे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं म्हणजे तुमच्याकडे बघायला मान वर करावी लागली असती," ही म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, "राग आला होता. खूप. दोन दिवस पुरला. मग तो पिवळा कोण ते शोधण्यात निघून गेला."

"तुला सापडला का पिवळा?"

"नाही. म्हणून तर म्हणते. अगदी स्वच्छ नको, मग मला धीर निघत नाही. पण अगदी ठिगळंही नकोत हो, आता डोकं दुखतं. मधला करा."

"मधला म्हणजे किती?"

"ते तुम्ही बघा. शिंपी तुम्ही."

घरी आल्यावर ही पालथी झाली आणि मी लॅपटॉपपुढे बसलो. बत्तीस आणि सातशे वीस यांच्या मधलं माप. कागदावर बेरीज करून अर्धं केलं तर तीनशे शहात्तर आलं. पण मला ते जास्त वाटलं. बाईचा चेहरा किती टाक्यांत ओळखू येतो आणि किती टाक्यांत नुसता ओळखीचा वाटतो, हे मला कुठल्याच गिऱ्हाइकानं कधी विचारलं नव्हतं. मी शंभर टाकलं. खोडलं. दीडशे टाकलं.

"झालं का?" आतून ही म्हणाली.

मी दारातून पाहिलं. मान खालीच होती.

"मोजतोय," मी म्हणालो, आणि एकशे वीस टाकून 'सुरू करा' दाबलं.